देवावर डोकं ठेवून

चाळणीच्या नवऱ्याला कोणी विचारलं की तुझी बायको कुठल्या खात्यात आहे, तर तो बिनदिक्कत सांगायचा, "शिव्या शोधायच्या खात्यात." त्यात खोटं फारसं नव्हतं. कोणी नवा साबण काढतो, कोणी बिस्किट, कोणी भिंतीचा रंग. त्याला हौसेने नाव देतो, आणि माल परदेशी गेल्यावर कळतं की तिथल्या भाषेत ते नाव चारचौघांत घेता येत नाही. असं तोंडघशी पडायची पाळी येऊ नये म्हणून नावं आधी या कचेरीत तपासायला येत. तपासायचं काम या बाईकडे. साहेबांनी कौतुकाने तिला चाळणी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे तिचं खरं नाव टेबलावरच्या पाटीपुरतं उरलं.

त्या आठवड्यात तिच्यापुढे एक उशी आली होती. उशा बनवणाऱ्या कंपनीला कुणा हुशार माणसाने 'बॉग' हे नाव सुचवलं होतं. रोमन लिपीतली तीन अक्षरं, लहान मुलालाही म्हणता येतील अशी. आयरिश भाषेत त्याचा अर्थ मऊ. झालं! मालक त्या शब्दाच्या असे काही प्रेमात पडले की उशीचा कापूस पिंजायच्या आधी नावाची पट्टी विणून तयार झाली. मग घरातल्याच कुणाला तरी सुबुद्धी सुचली आणि नाव तपासायला आलं.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर, खाली दातांचा दवाखाना. दिवसभर खालून दात कोरायच्या यंत्राची घरघर यायची, आणि त्या घरघरीवर चाळणी निरनिराळ्या देशांतले अपशब्द शांतपणे निवडत बसायची. शब्दकोश तिच्या हाताशी होतेच. पण एखादा शब्द कानावर पडला की माणसाचा चेहरा कसा होतो, हे काही कोश सांगत नाही. म्हणून साहेबांनी 'कान' जोडून ठेवले होते. कान म्हणजे त्या त्या भाषेत जन्मलेली साधी माणसं. त्यांना फोन करायचा, शब्द एकदाच म्हणायचा, कशासाठी ते सांगायचं नाही, आणि मग गप्प राहायचं. त्यांच्या तोंडून जे पहिलं बाहेर पडेल ते उत्तर. साहेबांचा नियम एकच होता आणि तो ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बोट नाचवून सांगत, "कानाच्या वतीने आपण बोलायचं नाही. आपल्याला उत्तर माहीत असलं तरी नाही."

तर बॉग. डॅनिश कान एक सुईण होती. तिने शेवटचं अक्षर गिळून तो शब्द परत म्हटला आणि म्हणाली, "पुस्तक. का, कोणाचं हरवलंय?" स्वीडिश कान खाटिक. त्याला पटकन जनावराचा खांदा आठवला, आणि तो खलाशी असता तर जहाजाचं नाक म्हणाला असता. इंग्रजी कान केस कापणारी एक तरुण मुलगी. ती इतकी खिदळली की तिच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं. "अहो, आमच्याकडे संडासाला म्हणतात हो! चार पोरं जमली की म्हणतात, थांब, बॉगला जाऊन येतो." चाळणीने हे सगळं निर्विकारपणे टिपून घेतलं. मऊ, पुस्तक, खांदा, संडास. एका उशीने अजून किती सोसायचं!

राहिला क्रोएशियन कान. ते लिफ्टआजोबा.

तरुणपणीच इकडे आलेल्या आजोबांचा जन्म या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. बायको गेल्यावर ते शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर एकटे राहत. फोन पहिल्या घंटीलाच उचलत. त्यांच्या भाषेत तीच अक्षरं 'बोग' अशी वाचतात आणि बोग म्हणजे देव, हे चाळणीला कोशात दिसतच होतं, पण आजोबांना एक शब्द विचारला की त्याच्या पाठोपाठ लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये का अडकते इथपासून सगळं ऐकावं लागे. आणि अलीकडे तर लेकीचं गाऱ्हाणं. लेक दुसऱ्या गावी होती, बापाने आपल्याकडे येऊन राहावं म्हणत होती, आणि आजोबा हटून बसले होते. "अगं पोरी, तिला मला कोंडून ठेवायचंय. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी बाहेर काढायचो, आता मीच आत जाऊन बसू?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चाळणीला हसू आलं होतं, दुसऱ्यांदा वाईट वाटलं होतं, आणि त्यानंतर कंटाळा आला होता.

हा कंटाळाच सगळ्याच्या मुळाशी होता, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. दोन वेळा तिने आजोबांना फोन न करताच काम उरकलं होतं. एकदा एका टूथपेस्टसाठी, एकदा सायकलच्या घंटीसाठी. उत्तरं बरोबर निघाली, कोणाचं काही बिघडलं नाही. मग तिसऱ्यांदा हात फोनकडे गेलाच नाही. गुरुवारी दुपारी उशीवाल्यांची बैठक होती, सकाळी डोकं दुखत होतं, आणि इतकी वर्षं ऐकून आजोबा काय म्हणतील ते आपल्याला पाठच आहे अशी तिची समजूत होती.

बैठकीत मालक 'देव' या शब्दाला अडले. गृहस्थ गलेलठ्ठ, आणि काळजी करण्यात हुशार.

"देव? म्हणजे माणसं देवावर डोकं ठेवून झोपणार? अहो, झोपेत लाळ गळते! उद्या कोणाच्या भावना दुखावल्या म्हणजे?"

साहेब चाळणीकडे वळले. "आपले आजोबा काय म्हणाले?"

क्षणभर तिला 'अजून विचारायचंय' म्हणता आलं असतं. कोणी तिला फासावर लटकवलं नसतं. पण सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "बोलले ना मी. पोट धरून हसले. म्हणाले, देवावर डोकं ठेवून झोपायला मिळालं तर तक्रार कोण करील?"

मालकांनी खूश होऊन टेबलावर थाप मारली. साहेबांनी मान हलवली, "आमचे आजोबा म्हणजे अस्सल माणूस!" चाळणीही हसली. खरं सांगायचं तर तिला त्या वाक्याचा अभिमान वाटला. ते हुबेहूब आजोबांसारखं जमलं होतं. उशीचं नाव शेवटी संडासावर अडलं आणि मालक तोंड पाडून गेले, तेव्हा त्या वाक्याचा उपयोगही काही उरला नाही. ते हवेत विरलं असंच तिला वाटलं.

सोमवारी साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. एरवी ते आपल्या खोलीतूनच हाक मारत.

"लिफ्टआजोबा गेले," ते म्हणाले.

"कुठे?" चाळणीने विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं.

"त्यांच्या लेकीचा फोन होता. शनिवारी ती घरी आली तेव्हा दारामागच्या बोळात पडलेले होते. बल्ब बदलायला स्टुलावर चढले असतील. डोक्याला लागलं." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नेमकं केव्हा झालं ते डॉक्टरांनाही सांगता येईना. मी म्हटलं तिला, गुरुवारी आमच्या बाईंशी बोलले की ते! चांगले हसले, विनोद केला. तो उशीचा विनोदही सांगितला. ढसाढसा रडली हो. पण बरं वाटलं तिला. तुमचा नंबर दिलाय मी."

साहेबांना यात आपण पुण्याचं काम केलं असं वाटत होतं, आणि तसं वाटायला त्यांच्याकडे सगळी कारणं होती.  खाली दवाखान्यात कोणाचा तरी दात कोरला जात होता. चाळणीला मात्र एकच चित्र दिसत होतं. गुरुवारी सकाळी तिने फोन लावला आहे आणि पलीकडे तो नुसता वाजतो आहे. पहिल्या घंटीला उचलणारा माणूस उचलत नाही म्हटल्यावर तिने परत लावला असता. मग साहेबांना सांगितलं असतं, साहेबांनी लेकीला कळवलं असतं, कोणीतरी दार उघडलं असतं. तेव्हा आजोबांत धुगधुगी होती की नव्हती, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. तिने फोन केला असता तर कळलं असतं.

लेकीचा फोन संध्याकाळीच आला. आवाज रडून बसलेला, पण बोलणं स्वच्छ.

"तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बुधवारी संध्याकाळी मी बाबांना फोन केला होता, त्यांनी उचलला नाही. आमचं भांडण चालू होतं ना. म्हटलं, फुगून बसले असतील, बसू देत. मीही फोन आपटला. आणि शनिवारी हे असं. मला वाटलं, बुधवारीच पडले होते की काय? मी रागावून स्वस्थ बसले आणि ते तिथे... पण तुमच्या साहेबांनी सांगितलं आणि जिवात जीव आला. गुरुवारी दुपारपर्यंत ठीक होते. हसत होते. डॉक्टरही म्हणाले, मग गुरुवारी रात्री झालं असेल, आणि लगेच गेले असतील."

"हो," चाळणी म्हणाली. इतकंच म्हणाली.

"आणि देवाचं नाव घेतलं त्यांनी! जन्मात घेतलं नव्हतं हो. ते देवावर डोकं ठेवायचं वाक्य मी अंत्यविधीला सगळ्यांना सांगणार आहे."

फोन ठेवल्यावर चाळणी बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. नवरा माणूस बरा होता. दिवसभर लोकांचे चष्मे बनवून देणारा, त्यामुळे ज्याला जे दिसून बरं वाटतं ते त्याला दाखवावं अशा मताचा.

"मग गप्प बस ना," तो म्हणाला. "तुझ्या खोटेपणाने त्या बाईचं भलंच झालंय. खरं सांगून तू तिचं काय करणार? तिची झोप उडवणार, दुसरं काय?"

"पण हे मी तिच्यासाठी म्हणून गप्प बसत नाहीये. माझी अब्रू जाईल म्हणून बसतेय."

"दोन्ही एकदमच होतंय तर बिघडलं कुठे?"

 पण त्या दिवसापासून तिचा घास तोंडात फिरू लागला. अंत्यविधीला साहेब जाऊन आले. तिने अंग दुखतंय म्हणून सांगितलं. साहेब परत येऊन म्हणाले, "तुमचं ते वाक्य तिने सांगितलं, तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून आले." तुमचं नव्हे, आजोबांचं, असं लगेच त्यांनी स्वतःला सुधारलं. चाळणी उठून मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

पुढच्या आठवड्यात लेकीने तिला घरी बोलावलं. घर रिकामं करायचं होतं. बाबांची एखादी वस्तू आठवण म्हणून घेऊन जा, म्हणाली. चाळणीला टाळता येईना. टाळण्याचे काय परिणाम होतात ते तिने नुकतेच पाहिले होते.

घर अगदी नीटनेटकं होतं. दार उघडलं की अरुंद बोळ, एका माणसाने हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतका. बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. छताला बल्बची रिकामी जागा तशीच होती. चाळणी दारातच थांबली. बोळात पडलेला माणूस दाराच्या किती जवळ असेल, याचा हिशेब न करायचा तिने खूप प्रयत्न केला.

लेक पन्नाशीची, उंच, बाह्या वर सारलेली, खोकी भरत होती. तिने चाळणीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बोलता बोलता आजोबांचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर एका डब्यात लावू लागली.

"एका माणसाचं वागणं मात्र मी कधी विसरणार नाही," ती एकदम म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बाबांकडे काम करणारी मावशी. दर गुरुवारी सकाळी यायची. त्यांना स्टुलावर चढू द्यायचं नाही, बल्बबिल्ब तिनेच बदलायचे, असं मी तिला शंभरदा बजावलं होतं. आता म्हणते, गुरुवारी आले होते, बेल वाजवली, दार उघडलं नाही म्हणून परत गेले. खोटारडी! बाबा घरात होते, तुमच्याशी फोनवर हसत होते, आणि बेल ऐकून दार उघडणार नाहीत? आलीच नव्हती ती. आली असती तर आज बाबा असते."

"विसरली असेल," चाळणी कसंबसं म्हणाली.

"मग विसरले म्हणावं! खोटं कशाला बोलायचं मेलेल्या माणसाबद्दल? मी तिला या दारात उभं करून सांगितलं. शेजाऱ्यांनाही सांगितलं. या इमारतीतली तिची तिन्ही घरं सुटली. सुटायलाच हवी होती."

चाळणीने हातातला पेला खाली ठेवला. इतके दिवस ती स्वतःला समजावत आली होती की आपल्या खोट्याने निदान कोणाचं वाईट तरी झालेलं नाही. तो आधारही आता गेला होता. एक बाई खरं बोलत होती आणि तिचं खरं चाळणीच्या खोट्याने खोटं ठरलं होतं. तिच्या मनात नवऱ्याचा आवाज अजूनही म्हणत होता, मावशीला दुसरी कामं मिळतील. तिला त्या आवाजाची शिसारी आली, कारण तो नवऱ्याचा नव्हता, तिचाच होता.

"ताई," ती म्हणाली, "मावशी आल्या होत्या."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी गुरुवारी आजोबांना फोन केलाच नव्हता."

लेकीला कळलंच नाही. "मग केव्हा केला होता? शुक्रवारी?"

"केलाच नाही. बैठकीत मला विचारलं, आणि मी बोलले म्हणून ठोकून दिलं. ते हसले नाहीत. काही म्हणाले नाहीत. त्या आठवड्यात मी त्यांचा आवाजच ऐकला नाही."

लेक हातात पाना धरून तशीच उभी राहिली. बाहेर जिन्यावरून कोणीतरी सायकल उतरवत होतं, तिची चाकं प्रत्येक पायरीवर आपटत होती. 

"म्हणजे ते देवाचं वाक्य?"

"माझं."

"मी ते सगळ्यांपुढे सांगितलं." लेक हळू म्हणाली. "माझ्या बाबांच्या तोंडी घालून. बाबांनी असलं काही म्हटलं नसतं हो. मला तेव्हाच कळायला हवं होतं. 'बोग' म्हटलं की त्यांना देव नाही आठवायचा. आमच्याकडे दारात भेटल्यावर म्हणतात, निघताना म्हणतात. बोग! आलो. बोग! येतो. त्यांनी तुम्हाला तेच सांगितलं असतं. तुम्ही विचारलं असतं तर."

 कोशात तेही होतं. दुसऱ्या ओळीवर. तिने पहिलीच वाचून कोश मिटला होता.

मग लेकीचा चेहरा बदलला. ती कशापाशी येऊन पोचली ते चाळणीला दिसलं, आणि तिला थोपवता आलं नाही.

"म्हणजे बुधवारी," लेक म्हणाली. "बुधवारी मी फोन केला तेव्हा." ती बोळाकडे बघत होती. "गाडीची किल्ली हातात घेतली होती मी. मग म्हटलं, बसू देत फुगून."

"ताई, मला माफ करा. मी—"

"नको. तुम्हाला माफ करायचं की नाही ते ठरवायला मला आत्ता लावू नका." लेक खोक्यावर बसली. बराच वेळ तिने चेहरा हातांत धरून ठेवला होता. मग डोळे न पुसताच म्हणाली, "मावशीला तुम्ही सांगा. तिची कामं तिला परत मिळतील ते मी बघते. पण तिच्यापुढे उभं राहायचं बळ माझ्यात नाही. तुम्ही जा."

मावशीला शोधायला फार फिरावं लागलं नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या एका इमारतीत ती जिने पुसते, असं पाववाल्याने सांगितलं. चाळणी पोचली तेव्हा मावशी दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून बसली होती. साठीला आलेली, हडकुळी, गुडघ्यांखाली जुन्या टॉवेलची घडी. कोण आलंय ते वळून न बघता तिने आधी बादली बाजूला सरकवली, येणाऱ्याला वाट मिळावी म्हणून.

चाळणीने वाटेत सगळं मनाशी जुळवलं होतं. आता मावशी चिडेल, शिव्या घालेल, कदाचित ओलं फडकं अंगावर फेकेल. फेकू दे. त्याने बरंच वाटेल. ती खालच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने एका दमात सांगून टाकलं. आपण कोण, गुरुवारी आपण काय बोललो, ते कसं बनवलेलं होतं. "तुम्ही खरं बोलत होता, मावशी. खोटी मी होते. तुमच्या ताईंनाही आत्ताच सांगून आलेय. तुमची घरं तुम्हाला परत मिळतील."

मावशीने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, परत बुडवलं.

"गुरुवारी ते फोनवर बोललेच नाहीत?"

"नाही."

"हसलेबिसले नाहीत?"

"नाही हो."

"मग मी बेल वाजवली तेव्हा?" मावशीने विचारलं आणि मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चाळणीने तो असावा म्हणून जणू नवस केला होता, पण नव्हता.

"कसं आहे बाई," मावशी सावकाश म्हणाली, "ताईंनी मला खोटारडी म्हटलं. घरं गेली. राग आला, नाही असं नाही. पण रात्री पडले की झोप लागायची. मला माहीत होतं ना, मी गेले होते. म्हटलं, आपण गेलो तेव्हा म्हातारा बाहेर पाव आणायला गेला असेल. मग आला असेल, फोनवर बोलला, हसला, आणि मग जे व्हायचं ते रात्री झालं. आपल्या हातून काही चुकलं नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

तिने ओला हात लुगड्याला पुसला, आणि कमरेची पिशवी उघडून त्यातून एक किल्ली काढली.

"ही त्यांनीच दिली होती. ताईंना नव्हतं सांगितलं, त्या बोलल्या असत्या म्हणून. पण न विचारता दार उघडलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा मी उघडलं तर दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी. म्हणून नाही लावली त्या दिवशी. दोनदा बेल वाजवली आणि गेले." ती किल्लीकडे बघत राहिली. "दाराच्या आतच होते ना हो?"

चाळणीला नाही म्हणायचं होतं. खोटं तिच्या जिभेवर तयार होतं, चांगलं, मऊ, कोणालाही बरं वाटेल असं. तिला स्वतःची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"हो," ती म्हणाली.

मावशीने किल्ली परत पिशवीत ठेवली.  चाळणीला वाटलं होतं की खरं सांगितलं म्हणजे आपलं ओझं उतरेल. आता तेच ओझं एका बाईच्या खोक्यांमध्ये पडलं होतं आणि दुसरीच्या कमरेच्या पिशवीत. तिचं स्वतःचंही तिळभर कमी झालेलं नव्हतं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं.

"मावशी, मी काय करू?" तिने विचारलं.

मावशीने मान हलवली आणि तीच पायरी पुन्हा पुसायला घेतली.

"काही नको. तुम्ही जा आता," ती म्हणाली. "पायऱ्या ओल्या आहेत, बाई. कठड्याला धरून उतरा."